आतही नाही, बाहेरही नाही

आमच्या ऑफिसात रोज दुपारच्या जेवणानंतर एक इमारत पेटायची. धूर नाही की ज्वाळा नाहीत. पडद्याच्या एका बाजूला लाल चौकोन लुकलुकायला लागला की आग लागली असं सर्वांनी समजून घ्यायचं. मग इमारतीतले ठिपके दारांकडे निघायचे. ठिपका म्हणजे माणूस. आत कुणी उरलं नाही की प्रोग्राम थांबायचा, सगळ्यात शेवटी दाराबाहेर पडलेल्या ठिपक्याचं नाव मोठ्या अक्षरांत झळकायचं आणि त्याखाली एकूण किती वेळ लागला तो आकडा. तो आकडा आम्ही विकायचो. नवं सभागृह किंवा नवा बाजार उघडायचा तर आगीच्या वेळी माणसं वेळेत बाहेर पडतील असा दाखला लागतो, आणि माणसं वेळेत बाहेर पडत असल्यामुळेच आमची घरं चालत होती.

ठिपक्यांना नावं का, तर आमच्या मोठ्या साहेबांना पुस्तकातले आकडे पसंत नव्हते. पुस्तकातली माणसं पुस्तकासारखी चालतात, असं त्यांचं मत. म्हणून एका शनिवारी त्यांनी सगळ्या ऑफिसला व्हरांड्यातून आणि मागच्या जिन्यावरून चालवलं, कॅमेऱ्यानं टिपलं आणि प्रत्येकाची चाल प्रोग्रामात घातली. म्हातारी माणसं कमी पडली तेव्हा "घरून घेऊन या" असा निरोप फिरला. कुणी आईला आणलं, कुणी सासऱ्यांना. मी बाबांना नेलं.

बाबा चालले झकास. फक्त जिन्याच्या प्रत्येक वळणावर ते कोपऱ्यात जाऊन भिंतीला पाठ टेकायचे आणि धाप लागलीय हे कुणाला कळू नये म्हणून चष्मा पुसायचे. कॅमेऱ्याला चष्म्याचं काही पडलं नव्हतं, थांबणं मात्र त्यानं इमानेइतबारे टिपून घेतलं. तेव्हापासून आमच्या प्रोग्रामातल्या प्रत्येक इमारतीत बाबा वळण आलं की कोपऱ्यात थांबायचे, मग ते नुसत्या व्हरांड्याचं का असेना.

रोजच्या आगीचा एक खेळ झाला होता. ज्याचा ठिपका शेवटी बाहेर पडेल, त्यानं सर्वांना चहा पाजायचा. घरच्या माणसाचा ठिपका शेवटी आला तरी भुर्दंड आपलाच. बाबांमुळे मी पुष्कळ दिवस चहा पाजला. मग नाट्यगृहाचं काम आलं, आणि बाबा एकदाही शेवटी आले नाहीत. मला वाटलं, चला, आपलेही दिवस पालटतात.

दिवस पालटलेले हिशेबनीसांना खपले नाहीत. हे गृहस्थ अंगानं भारदस्त, चालीनं त्याहून भारदस्त. नाट्यगृह आल्यापासून चहा बहुतेक रोज त्यांच्याच गळ्यात पडत होता.

"ताई, एक विचारू? राग मानू नका," एका दुपारी ते म्हणाले. "तुमचे बाबा काठी टेकत चालतात. जिन्यात बस्तान मांडतात. आणि माझ्या आधी बाहेर?"

"तुम्ही दारात शिष्टाचार पाळत असाल," आमचा चित्रकार म्हणाला. पडद्यावरचे ठिपके रंगवणं हे त्याचं काम आणि हिशेबनीसांना छळणं हा त्याचा छंद. "'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत सगळ्यांना पुढे सोडत असाल."

"तू गप रे. ताई, मला बाबा बाहेर पडताना दाखवा. नुसतं दाखवा. मग जन्मभर चहा पाजीन."

दाखवायला काय जातंय, असं म्हणून मी त्या दिवशीची आग परत लावली, बाबांचा ठिपका पिवळा केला आणि सावकाश चालवत नेलं. पिवळा ठिपका बाल्कनीतून निघाला. जिन्याच्या पहिल्या वळणावर आला. कोपऱ्यात थांबला. वरून गर्दी उतरत होती, खालून आणखी कुणीतरी वर येत होतं, ठिपके एकमेकांना चिकटून तिथे काळा गठ्ठा झाला. त्या गठ्ठ्यात पिवळा कण मला दिसत होता. पुढच्या चित्रात तो नव्हता.

मी मागे गेले. होता. पुढे गेले. नव्हता. चित्रकारानं पडदा पुसून पाहिला.

"तुझ्या रंगाचं काहीतरी बिनसलंय," मी म्हणाले.

"माझा रंग जात नाही," तो म्हणाला, पण हसला नाही.

मग मी प्रोग्रामलाच विचारलं. आमचा प्रोग्राम दर क्षणाला प्रत्येक ठिपक्याला एकच प्रश्न विचारतो: तू आत आहेस का? सगळ्यांचं उत्तर 'नाही' आलं की इमारत रिकामी. त्या क्षणी बाबांचं उत्तर होतं, नाही. मी उलटा प्रश्न घातला: तू बाहेर आहेस का? उत्तर आलं, नाही. तुझी जागा तुझ्या जागेएवढी तरी आहे का, असा एक वेडगळ प्रश्न आमच्या धंद्यात अशा वेळी विचारतात. त्याचंही उत्तर आलं, नाही.

त्या शेवटच्या उत्तराचा अर्थ मला ठाऊक होता. समजावून सांगायला हवा, कारण हिशेबनीसांनाही सांगावा लागला.

अपूर्णांकांची गणितं करणारं कुठलंही यंत्र कारखान्यातून येतं तेच एक सवय घेऊन. त्याला शून्याला शून्यानं भागायला सांगितलं, तर ते थांबत नाही, ओरडत नाही. उत्तराच्या जागी 'ही संख्या नव्हे' अशी खूण ठेवतं आणि पुढच्या कामाला लागतं. त्या खुणेला आम्ही 'नॅन' म्हणतो. नॅनमध्ये काहीही मिळवा, नॅनच येतं. नॅन कशाहूनही मोठं नाही, कशाहूनही लहान नाही, आणि दुसऱ्या नॅनएवढंही नाही; स्वतःएवढंसुद्धा नाही. तुलनेच्या प्रत्येक प्रश्नाला त्याचं उत्तर एकच. भिंतीनं विचारलं, माझ्या पलीकडे गेलास का? नाही. शेजारच्यानं विचारलं, मला टेकलायस का? नाही. असा माणूस कुणाला धक्का देत नाही, कुणाला आडवा येत नाही, चित्रात उमटत नाही. आणि दाखला द्यायच्या वेळी तो आत नसतो.

"म्हणजे बाबा गेले कुठे?" हिशेबनीसांनी विचारलं.

"कुठेच नाही."

"असं कसं? माणूस कुठेतरी असतोच."

"म्हणूनच तर, आत नाहीत म्हणजे बाहेर पडले असं तुम्हाला वाटतंय."

हिशेबनीस म्हणाले, "राहू द्या. चहा मी पाजतो."

राहू देण्यासारखं नव्हतं. महिना संपता संपता ते नाट्यगृह उघडणार होतं, आणि बाबांना तिथे नोकरी लागली होती. नोकरी म्हणजे कोट घालून प्रेक्षकांना जागा दाखवायच्या. निवृत्त मंडळींना अशी कामं देतात. पैसा बेताचा, रुबाब भरपूर. बाल्कनीच्या जिन्याचं वळण बाबांच्या वाट्याला आलं होतं. कोपऱ्यात खुर्ची मिळणार होती. ती त्यांनीच मागून घेतली होती, भिंतीला पाठ लागते म्हणून.

यंत्राची ती सवय मोडता येते. प्रोग्रामच्या तोंडाशी एक ओळ लिहायची: असलं गणित आलं की खूण ठेवून पुढे जाऊ नकोस, तिथल्या तिथे थांब आणि मला हाक मार. एरवी ही ओळ कुणी लिहीत नाही, कारण थांबणारा प्रोग्राम गिऱ्हाइकाला दाखवता येत नाही. मी लिहिली, आणि घाईत सगळ्याच तक्रारींवर थांब असं लिहिलं. प्रोग्राम इमारतीच्या भिंती उभ्या व्हायच्या आतच थांबला. कुठेतरी एकाला तिनानं भागलं होतं आणि उत्तर तंतोतंत बसत नाही अशी त्याची तक्रार होती.

"हा तर माझ्या सासूसारखा झाला," चित्रकार म्हणाला.

तंतोतंतपणाची तक्रार मी बंद केली. शून्यानं भागणं, आकडा हाताबाहेर जाणं आणि अर्थच नसलेलं गणित, एवढ्या तीनच गोष्टींवर थांबायला सांगितलं. मग तो चित्रकाराच्या रंगपट्टीत अडला. तिथे खरंच शून्याला शून्यानं भागलेलं निघालं. चित्रकारानं मान खाली घालून ते दुरुस्त केलं आणि सासूचा विषय पुन्हा काढला नाही.

त्यानंतर आग लागली आणि ठिपके निघाले. मी खुर्ची पुढे ओढून बसले. बाहेर लख्ख दुपार होती. रस्त्यावर कुणीतरी शटर वर ढकलत होतं, वरच्या मजल्यावर कुणाचं तरी टेबल सरकत होतं. पिवळा ठिपका वळणावर आला, कोपऱ्यात गेला, आणि सगळं थांबलं. शेकडो ठिपके पाऊल उचलण्याच्या बेतात जागच्या जागी उभे राहिले. लाल चौकोन लुकलुकायचा तोही लाल होऊन राहिला.

प्रोग्राम जिथे थांबला ती ओळ अगदी साधी होती. दोन माणसं जवळ आली की एकमेकांना ढकलतात. कुठल्या दिशेनं, हे काढायला दोघांच्या जागांमधल्या फरकाला दोघांमधल्या अंतरानं भागायचं. फरक शून्य होता. अंतर शून्य होतं. दोन माणसं एकाच जागी उभी होती. मी दोघांच्या जागा छापून पाहिल्या. दशांशचिन्हाच्या पुढे जेवढे म्हणून आकडे यंत्र ठेवतं, तेवढे सगळे सारखे होते. एक बाबा होते.

दुसरी मी होते.

मी आधी हसलेच. माझा ठिपका खालच्या मजल्यावर, दाराजवळ बसलेला. मी भरभर चालते. आग लागताच मी केव्हाच बाहेर पडायला हवं होतं. मागे जाऊन पाहिलं तर पडलेही होते. पहिल्या काही जणांत मी दाराबाहेर होते. तिथे क्षणभर उभी राहिले, मग वळले आणि लोंढ्याच्या विरुद्ध आत शिरले.

हा साहेबांचा लाडका भाग. इतरांच्या प्रोग्रामात माणसं सुटी सुटी पळतात. आमच्यात नाती होती. आपलं माणूस मागे राहिलं तर ठिपका त्याला शोधायला परत जायचा. माहितीपत्रकात साहेबांनी त्याला 'माणुसकी' असं नाव देऊन वेगळी चौकट आखली होती.

तर मी माणुसकीनं परत गेले होते. जिना चढून वळणावर पोचले. बाबांपाशी आले तेव्हा वरून लोंढा आला आणि त्यानं मला कोपऱ्यात दाबलं. भिंतीतून कुणी आरपार जाऊ नये म्हणून प्रोग्राम काय करतो, तर भिंतीच्या पलीकडे ढकलला गेलेला ठिपका उचलून भिंतीवर आणून ठेवतो. कोपऱ्यात दोन भिंती. एकीनं मला उचलून ठेवलं, दुसरीनंही ठेवलं. राहिली नेमकी कोपऱ्याची टोकाची जागा, जिथे बाबांना आधीच आणून ठेवलेलं होतं.

खऱ्या जिन्यात याला काय म्हणतात ते मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतो तो शब्द मनात आला, तो मी तिथेच ठेवला.

"ताई, पाणी देऊ का?" हिशेबनीस मागे कधी येऊन उभे राहिले होते कोण जाणे.

थांबायला सांगणारी ती ओळ मी तात्पुरती काढली आणि प्रोग्राम जुन्या सवयीनं चालू दिला. फक्त या वेळी हरवणाऱ्यांना मोजायला सांगितलं. आम्ही दोघं गेलो तसा कोपरा मोकळा झाला. मोकळ्या कोपऱ्यात पुढचे दोघं आले आणि गेले. मग पुढचे. कोपरा शांतपणे माणसं खात होता आणि जिना मस्त वाहत होता. नाट्यगृहाचा वेळ इतका उत्तम का, हे कोडं सुटलं. नाट्यगृहाच्या मालकांनी त्या वेळेबद्दल आम्हाला पेढ्यासारखं गोड पत्र पाठवलं होतं. जिन्याचं हे प्रकरण प्रोग्रामात याच कामासाठी नव्यानं लिहिलेलं. आधीच्या साऱ्या इमारती बैठ्या होत्या, एवढंच आमचं नशीब.

मी ओळ परत घातली आणि साहेबांना बोलावलं. ते आले, उभ्यानंच सगळं ऐकलं, चष्मा कपाळावर चढवून पडद्याकडे पाहिलं.

"मॅडम, ही ओळ कालपर्यंत होती?"

"नव्हती, सर."

"कालपर्यंत प्रोग्राम चालत होता?"

"चालत होता."

"मग?" साहेब असं 'मग' म्हणत की आपणच त्यांच्याकडे काहीतरी मागायला आलोय असं वाटावं.

"ओळ काढते, सर. पण दाखल्यावर सगळे बाहेर पडले असं लिहायचं. माझे बाबा बाहेर पडलेले नाहीत."

"ते आत तरी आहेत का?"

"नाहीत."

"झालं तर."

"सर, महिनाअखेरीपासून ते खरोखर तिथे बसणार आहेत. त्याच कोपऱ्यात."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी खुर्ची घेतली आणि ते माझ्या शेजारी बसले. "हे बघा," ते म्हणाले, "एखादी दुपार वाईट असते. योगायोग असतात. सुरुवातीचा आकडा बदला आणि परत चालवा. ओळ राहू द्या. एकदा जरी नीट शेवटपर्यंत गेला, तरी मी म्हणेन की जिना चालतो."

सुरुवातीचा आकडा बदलला की कोण कुठे बसेल हे सगळं नव्यानं ठरतं, पत्ते पिसल्यासारखं. मी आकडा बदलला. तोवर अख्खं ऑफिस मागे जमलं होतं. ठिपके निघाले. बाबा या वेळी खालच्या मजल्यावर होते, सुखरूप बाहेर पडले, आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरायच्या आत प्रोग्राम थांबला. तोच जिना, तोच कोपरा. मी नावं छापली. एक हिशेबनीस होते, दुसरा चित्रकार.

"याच्याबरोबर?" हिशेबनीस कळवळून म्हणाले.

"निदान गर्दीत जागा तरी करून दिली असती माझ्यासाठी," चित्रकार म्हणाला. सगळे खो खो हसले. हसू जरा जास्तच मोठं झालं आणि मग एकदम बंद पडलं.

"आकडा बदला," साहेब म्हणाले.

या वेळी बाहेरच्या टेबलावर फोन घेणारी मुलगी निघाली, आणि तिचा धाकटा भाऊ. तो त्या शनिवारी बहिणीला न्यायला आला होता आणि हौसेनं व्हरांड्यातून चालला होता. तिनं ओढणी सारखी केली आणि बाहेर जाऊन टेबलाशी बसली. फोन वाजत राहिला, तिनं उचलला नाही.

"बदला."

मी बदलला. पुन्हा बदलला. कधी ओळखीची नावं, कधी नुसते भरतीला घातलेले बिननावाचे ठिपके. पण दर वेळी दोघं, दर वेळी कोपऱ्यात, दर वेळी जागा शेवटच्या आकड्यापर्यंत एक. खोलीतलं कुजबुजणं हळूहळू थांबलं. लोक एकेक करत मागे सरकायला लागले. आपलं नाव पुढच्या खेपेला निघू नये असं प्रत्येकाला वाटत होतं, आणि ठिपके आहेत हो, ठिपके, असं स्वतःला सांगायचाही कुणाला धीर होत नव्हता. बिननावाचे दोघं निघाले की सगळ्यांना हायसं वाटायचं. ते हायसं वाटणं मला फार ऐकू येत होतं.

मी कीबोर्डवरून हात काढले.

"काय झालं?" साहेब म्हणाले.

"आता तुम्ही चालवा, सर."

"मी? अहो, बटणच दाबायचंय."

"हो. फक्त बटणच आहे."

साहेब हसले, बाही किंचित वर सारली आणि बोट बटणावर ठेवलं. त्यांचा स्वतःचा ठिपका कायम पहिल्या रांगेत, दाराच्या तोंडाशी बसायचा. तशी सोय त्यांनी प्रोग्रामात करून घेतली होती, उगाच गिऱ्हाइकासमोर अपशकुन नको म्हणून. त्यांना भ्यायचं कारण नव्हतं.

मागून हिशेबनीस हलकेच म्हणाले, "त्या शनिवारी आई आल्या होत्या, साहेब."

साहेबांची आई. ठेंगणी, पाठीत वाकलेली बाई. तिनं व्हरांड्यात चालताना भिंतीवरची धूळ बोटानं पुसून पाहिली होती आणि मुलाला सगळ्यांदेखत सुनावलं होतं. तिचा ठिपका सुरुवातीचा आकडा नेईल तिथे बसायचा. कधी खाली, कधी बाल्कनीत. आणि साहेबांच्या ठिपक्यात माणुसकी होतीच. ती काढून टाकायची सोय त्यांनी केली नव्हती.

बोट बटणावर होतं. साहेब पडद्याकडे पाहत होते. तिथे आधीच्या खेपेचे दोघं अजून कोपऱ्यात थांबलेले होते. मी त्यांना पुसलं नव्हतं. खरं सांगायचं तर पुसायला हात झाला नव्हता. वातानुकूलन यंत्राची घरघर होती, तीही मध्येच आपोआप बंद झाली, आणि मग खोलीत काहीच आवाज राहिला नाही. त्या शांततेत मला वाटलं, प्रोग्राम थांबलेला नाही, आमची वाट बघतोय. त्याला दोन नावं हवी आहेत, आणि ती आम्ही दिली नाहीत तर तो आपली आपण घेईल. असलं काही वाटण्याइतकी मी अडाणी नाही. पण वाटलं.

साहेबांनी बोट उचललं. उठले आणि काचेच्या पलीकडे आपल्या खोलीत गेले. त्यांनी फोन लावला. काचेतून आवाज येत नव्हता, पण ओठ दिसत होते. 'जेवलीस का,' असं विचारत होते. मग बराच वेळ नुसतं ऐकत होते. त्यांना काहीतरी सुनावलं जात असावं. ते मान डोलावत होते आणि फोन खाली ठेवत नव्हते.

परत आले तेव्हा म्हणाले, "नाट्यगृहाचं पत्र मी लिहितो. जिना असा चालणार नाही. कोपरा काढायला लावू." मग पडद्याकडे न पाहता, "ती ओळ राहू द्या. कायमची. आणि त्या दोघांना तेवढं बंद करा, मॅडम."

"कसं करू, सर?"

"मला काय विचारता?" ते चिडून म्हणाले, आणि पुन्हा आपल्या खोलीत गेले.

मालक नाराज झाले. उद्घाटन लांबलं, पेढ्यासारखं पत्र लिहिणाऱ्यांनी आता मिरच्यांसारखं लिहिलं. पण साहेबांच्या सहीपुढे त्यांचं चालेना, कारण दाखल्याशिवाय दार उघडत नाही. वळणावरची भिंत पाडून तिथे जिना रुंद करायचं ठरलं. बाबांना मी जेवताना सांगितलं. त्यांचा कोट शिवून आला होता आणि खुंटीवर टांगला होता.

"म्हणजे माझी खुर्ची गेली," ते म्हणाले.

"खाली दाराजवळ देणार आहेत."

"दाराजवळ वारा लागतो." त्यांनी भाजी वाढून घेतली. "आणि हे सगळं एका ठिपक्यापायी?"

"तुमच्या ठिपक्यापायी."

"मी काय केलं? मी नुसता उभा होतो."

तू परत का आलीस, असं त्यांनी विचारलं नाही. मी तो भाग सांगितलाच नव्हता. दोघं होते एवढंच सांगितलं, दुसरं कोण ते नाही.

काम कुठवर आलंय ते बघायला हवं, असं म्हणत एक दिवस ते मला घेऊन नाट्यगृहात गेले. कोट घालून. भिंत निम्मी पडली होती. जिन्यावर विटांचा चुरा होता आणि फटीतून ऊन येत होतं, त्यात धूळ तरंगत होती. बाबा एकेक पायरी चढत वळणापर्यंत गेले आणि कोपऱ्याच्या जागी, जिथे अजून गुडघ्याएवढी भिंत शिल्लक होती, तिथे उभे राहिले. चष्मा काढला, पुसायला लागले.

मी चार पायऱ्या खालीच थांबले होते.

"अशी परक्यासारखी लांब का उभी?"

"धूळ आहे, बाबा."

"धूळ काय इथेच आहे? तिथे नाही?"

मी एक पायरी चढले. त्यांच्याकडे बघताना माझी नजर आपोआप त्यांच्या आणि माझ्यामधल्या पायऱ्यांवर जात होती. वरून एक मजूर डोक्यावर चुऱ्याचं घमेलं घेऊन उतरू लागला आणि त्याच्या मागून आणखी एक. "बाजूला व्हा, काका," पहिला म्हणाला. बाबांनी एका हातानं काठी सावरली आणि दुसरा हात माझ्याकडे केला.

"ये इकडे. घमेल्याखाली सापडशील."

पुढे आलेला तो हात घेतल्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी वर गेले. त्यांनी मला ओढून भिंतीच्या तुकड्यापाशी आपल्याशेजारी उभं केलं, खांद्याला खांदा लावून, आणि मजूर आमच्या पुढून गेले. एक, मग दुसरा, चुऱ्याचे खडे पायऱ्यांवर टपटपत. कोटाला नव्या कापडाचा वास होता. मी डोळे मिटले होते.

"गेले ते," बाबा म्हणाले. "श्वास सोड आता. नाहीतर लोकांना वाटेल, धाप तुला लागलीय."